ताईच्या मापाचा पितळी गोळा

मी गोळा बोलतोय. भीती वाटली की माणसांच्या पोटात येतो म्हणतात, तो गोळा वेगळा. मी मैदानावरचा, फेकायचा. अंगाने पितळेचा, गुळगुळीत, वजनाला चार किलो आणि वर चिमूटभर. बायकांच्या गोळाफेकीत एवढ्याच वजनाचा लागतो. पोटातल्या त्या दुसऱ्या गोळ्याची आणि माझी ओळख मात्र ताईच्या घरीच झाली, कारण त्या घरात आम्ही दोघेही कायमचे मुक्कामाला होतो.

ताई म्हणजे माझी मालकीण. मला घडवलं तिच्या धाकट्या भावाने. तो तिला ताई म्हणतो, म्हणून मीही म्हणतो, आणि त्याच नात्याने तिच्या नवऱ्याला दाजी.

धाकटा एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. पंपांचे सुटे भाग बनवतो. एक दिवस ताई त्याच्याकडे आली ती उजव्या हाताची बोटं चोळतच. मैदानावरचे गोळे सगळे लोखंडाचे, मोठ्या पंजाच्या बायकांना शोभणारे. ताईचा खांदा दांडगा, पाय खांबासारखे, पण पंजा बघाल तर शाळकरी मुलीएवढा. गोळा सुटायच्या वेळी नेमका बोटांवरून घसरायचा.

"वजन तेवढंच, पण आकाराने लहान असा नाही का रे मिळत?" तिने विचारलं.

"मिळतो. पण किंमत ऐकून तू इथेच आडवी होशील." धाकट्याने तिचा पंजा उलटासुलटा करून पाहिला. "पितळेचा करू. पितळ लोखंडाहून जड. तेवढ्याच वजनाचा गोळा जरा बारका होईल."

वर्कशॉपच्या मागे एक जुना पितळी ठोकळा धूळ खात पडला होता. तोच मी. मालक म्हणाला, "ने, पण महिनाभर रविवारीसुद्धा कामावर यायचं." धाकटा आला. त्याने मला लेथवर चढवलं, गरगर फिरवलं, आणि माझ्या अंगावरून सोनेरी भुगा उडायला लागला. मी जगात आलो तोच चकरा खात. म्हणून असेल, पुढे हवेतून जायची मला कधी भीती वाटली नाही. पडायची वाटायची. पण ती कुणाला वाटत नाही?

ताईने मला पहिल्यांदा हातात घेतलं आणि नुसती हसली. माझं नाव, गाव, बारसं सगळं त्या हसण्यात उरकलं.

घरी आलो आणि ताईची झोप उडाली. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. घरात सासूबाई, दाजी आणि नुकतीच चालायला लागलेली चिमी. एवढंसं मूल घरात आणि त्यात चार किलोचा गोळा! ताईने मला फळीवर ठेवलं. मग तिच्या मनात आलं, घरंगळून चिमीच्या डोक्यात पडला तर? खाटेखाली ठेवलं. चिमीने ओढून पायावर पाडून घेतला तर? न्हाणीघरात बादलीखाली झाकलं. सासूबाई ठेचकाळल्या तर? शेवटी मला टॉवेलात गुंडाळलं, टॉवेल पिशवीत, पिशवी पत्र्याच्या ट्रंकेत, आणि ट्रंकेला कडी.

सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या बाळंतपणात मी तुलासुद्धा एवढं गुंडाळलं नव्हतं."

"आई, जड आहे तो."

"ते दिसतंय. आता घरात दोन मुलं झाली म्हणायची. एक रडतं, एक रडत नाही."

माणसांची एक गंमत सांगू? घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला उचलून बघायचा. "बघू बघू" म्हणत हात पुढे करायचा, आणि हातात घेतल्यावर दचकून म्हणायचा, "जड आहे की हो!" सगळ्यांनी आधीच सांगितलेलं असायचं, तरीही. माणसाला कानाने कळत नाही, हाताने कळतं, असं माझं मत झालंय.

आमचा दिवस उजाडायच्या आधी सुरू व्हायचा. चिमी झोपलेली असतानाच ताई मला घेऊन मैदानावर जायची. तिथे सर असायचे. शाळेत खेळ शिकवायचे, निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही.

गोळा फेकायच्या आधी मानेशी, जबड्याखाली टेकवून धरतात, म्हणून ताई पुटपुटायची ते मला स्वच्छ ऐकू यायचं. इतरांना वाटायचं, मन एकाग्र करतेय. ती काय म्हणायची सांगतो. "गॅस बंद केला होता ना? चिमीचं औषध आईंना सांगितलं की नाही?" आणि मग एकदम पाय फिरायचे, कंबर फिरायची, हुंकार यायचा आणि मी सुटायचो. माझ्याबरोबर तिच्या काळज्याही लांब जाऊन पडाव्यात असं मला फार वाटायचं. पण त्या तिला चिकटून राहायच्या. मी एकटाच जायचो.

मैदानावरून थेट कामावर. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुलाईखाना होता, तिथे ताई इस्त्रीला होती. चादरी, उशांचे अभ्रे, टेबलांवरची कापडं, संपता संपायची नाहीत. मी तिच्या टेबलाखाली पिशवीत बसून असायचो. वाफेने खोली अशी भरलेली, की बायकांचे पाय दिसायचे आणि डोकी नुसती ऐकू यायची.

ताई डाव्या हाताने इस्त्री करायची. जन्माची उजवी बाई! पण उजवा हात दिवसभर इस्त्रीत दमला तर सकाळी मला काय फेकणार? म्हणून तिने स्वतःला डाव्या हाताची सवय लावली. सुरुवातीला मनगटावर चटके बसले, चादरींना वेड्यावाकड्या घड्या पडल्या. मुकादम म्हणाला, "काय गं, मुलगी झाल्यावर डावखुरी झालीस का?"

"उजवा हात राखून ठेवलाय, साहेब."

"कुणासाठी? माझ्यासाठी नको म्हणजे झालं," असं म्हणून मुकादम तिच्या दंडाकडे बघत चार पावलं मागे सरकला आणि बायका वाफेत खो खो हसल्या.

तिथे एक रीत होती. सगळ्या इस्त्र्या जुन्या आणि जड, एकच नवी आणि हलकी. ती कुणा एकीची नव्हती. जिचं मनगट दुखेल तिने घ्यायची. मागावी लागत नसे. कुणी हात झटकताना दिसली की शेजारीण आपल्या हातातली हलकी इस्त्री तिच्याकडे सरकवायची आणि म्हणायची, "ही घे गं, मनगटाला बरी पडते." रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं. पण दिवसातून कितीदा तरी हे वाक्य मला टेबलाखाली ऐकू यायचं.

असं आमचं चाललं होतं. चाललं होतं म्हणजे रेटलं जात होतं. मग हॉटेलचा गर्दीचा हंगाम आला आणि जादा काम सुरू झालं. ताई घरी यायची ती भिंत धरून. सकाळी मी दोन हात जवळच पडायला लागलो. सरांनी टेप गुंडाळली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, देशातल्या पहिल्या दहांत आहेस तू. पण दमलेल्या अंगाला माझ्याकडे औषध नाही. एक काहीतरी धर."

त्याच आठवड्यात मुकादमाने तिला बोलावलं. "घड्या घालणाऱ्या बायकांवर देखरेख करायला माणूस हवंय. खुर्ची मिळेल, पगार वाढेल. पण पूर्ण दिवस, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. सांग लवकर."

सकाळ गेली म्हणजे मी गेलो.

जेवताना घरात विषय निघाला. दाजी फर्निचर पोहोचवणाऱ्या टेम्पोवर ड्रायव्हर. स्वभावाने घोड्यावर बसलेले, पण मनाचे साफ. ते म्हणाले, "खुर्ची सोडायची म्हणजे वेडेपणा आहे. आणि गोळा सोडायचा म्हणजे... तोही वेडेपणाच आहे. मला काही कळत नाही, मला भात वाढ."

ताई म्हणाली, "दोन महिन्यांनी देशपातळीवरची मोठी स्पर्धा आहे. पहिल्या तिघींत आले तर खेळाची संघटना वर्षभर मानधन देते. मग मी कामावर अर्धा दिवस मागेन. नाही आले, तर खुर्ची घेते. मग तुम्हाला परत विचारणार नाही."

सगळ्यांनी सासूबाईंकडे बघितलं, कारण चिमीला दिवसभर त्याच बघायच्या. त्यांनी गुडघा चोळला. "दोन महिने ना? घे. माझ्या गुडघ्यांना मी समजावते. पण तिसरी ये गं बाई. माझ्यासाठी पहिली नको येऊस, तिसरी ये, पण ये."

मुकादमानेही स्पर्धेनंतरच्या सोमवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. मी ट्रंकेत होतो. पण त्या दिवसापासून पोटात गोळा येणं म्हणजे काय, ते मला पितळेच्या पोटी कळलं.

स्पर्धेला सगळं घर निघालं. दाजींच्या मालकाने टेम्पो दिला, पण वाटेत एक सोफा पोहोचवायचा होता. मग काय, सगळे त्याच सोफ्यावर बसून गेले. वर प्लॅस्टिक तसंच. सासूबाई मधोमध, मांडीवर चिमी, एका बाजूला धाकटा, दुसऱ्या बाजूला पिशवी धरून ताई. खड्डा आला की सगळे एकदम उडायचे आणि प्लॅस्टिक करकरायचं. सोफा उतरवताना घरमालकीण म्हणाली, "गरम कसा काय लागतोय हो हा?" दाजी म्हणाले, "नवीन आहे ना बाई, कारखान्यातून ताजा."

मैदानावर मला आधी तपासणीच्या टेबलावर नेलं. चष्मेवाल्या पंचांनी मला तोललं, कड्यातून घालून माप घेतलं, अंगावर हिरवा ठिपका लावला आणि लोखंडी गोळ्यांच्या रांगेत ठेवून दिलं.

कठड्यापलीकडून दाजी ओरडले, "अहो साहेब, तो आमचा आहे! वेगळा ठेवा."

"इथे आला की सगळ्यांचा," पंच म्हणाले. "पास झालेला गोळा कुणीही फेकू शकतं. नियमच आहे तसा."

"हा कुठला नियम? उद्या आमचा टेम्पोपण सगळ्यांचा म्हणाल!"

"अहो, गप्प बसा ना," ताई म्हणाली. तिला नियम ठाऊक होता. सरांनी सांगितलं होतं, वर हेही सांगितलं होतं की काळजी नको, सगळ्यांना लोखंडाची सवय असते, अनोळखी पितळेला कुणी हात लावणार नाही.

सरांचं खरं ठरलं. सहांपैकी पहिले चार फेरे कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ताईने मात्र मला असं फेकलं की बस्स. ती तिसरी होती! सासूबाई चिमीचे हात धरून टाळ्या वाजवत होत्या.

पाचव्या नंबरावर एक कोवळी मुलगी होती. कमरेपर्यंत वेणी, अंगात जोर दिसत होता, पण लोखंडी गोळा तिच्या बोटांवरून घसरत होता. फेकून झालं की ती बाकावर बसून बोटं चोळायची, मनगट झटकायची. ताई शेजारीच बसली होती. तिने त्या मनगटाकडे एकदा पाहिलं आणि अगदी सहज, जसं रोज वाफेत म्हणते तसं म्हणाली, "तो पितळी घेऊन बघ गं. मनगटाला बरा पडतो."

बोलून गेली, आणि मग तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. पण शब्द बाहेर पडला होता.

वेणीवालीने मला उचललं. काय सांगू, तिचाही पंजा लहानच. मी तिच्या बोटांवर असा बसलो, जसा ताईच्या बसतो. तिच्या मानेशी मला शब्द ऐकू आला नाही, नुसती छाती धडधडत होती. मी मनात म्हटलं, पडू या जवळच. पण गोळ्याच्या मनाला कोण विचारतं? हात देतो तेवढं जावंच लागतं. मी गेलो, आणि लांब गेलो.

वेणीवाली तिसरी. ताई चौथी.

ताईच्या दोन संधी उरल्या. पहिल्यात तिचा पाय वर्तुळाच्या पुढच्या लाकडी पट्टीवर गेला, फेक बाद. शेवटच्या वेळी तिने मला मानेशी धरलं आणि एवढंच म्हणाली, "जा रे." मी गेलो. आजवर गेलो नव्हतो एवढा गेलो. जिथे पडलो तिथे शेजारीच वेणीवालीच्या फेकीचा खळगा होता. दोन्ही खळगे माझेच. पंचांनी टेप लावली, वाकून पाहिलं, परत पाहिलं. एका बोटाचा फरक. आणि तो बोटभर मी कमी पडलो होतो.

कठड्यापाशी सगळे गोळा झाले. मग दाजी म्हणाले, "त्या पोरीला आपला गोळा दिला कुणी?"

"मी सांगितलं तिला," ताई म्हणाली.

"तू?"

"तिची बोटं दुखत होती हो."

"आणि तुझी दुखत नाहीत?"

ताईने तोंड फिरवलं. बाहीने डोळे पुसले की घाम, मला रांगेतून दिसलं नाही. सासूबाईंनी चिमीला तिच्या कडेवर दिलं. "चौथी म्हणजे अख्ख्या देशात ना? मग आमच्या गल्लीत तरी पहिलीच असशील. ये, पाणी पी."

तेवढ्यात वेणीवाली आली. मला दोन्ही हातांत धरून, आपल्या टॉवेलने पुसून स्वच्छ करून घेऊन आली होती. मागे तिच्या प्रशिक्षक बाई, धिप्पाड आणि घाईत. मुलगी खाली मान घालून म्हणाली, "ताई, तुमचा गोळा. मला... मला माहीत नव्हतं की तुम्हीच..."

"अगं वेडे," ताई म्हणाली, "चांगला फेकलास. रडतेस काय? रडायचं तर मी रडायचं." आणि दोघी हसल्या आणि दोघी रडल्या. बायकांना हे एकदम जमतं.

बाई मात्र मलाच न्याहाळत होत्या. "हा कुठे मिळतो?"

धाकटा कानापर्यंत लाल झाला. "मिळत नाही. मी केलाय."

"मग अजून करा. माझ्या वसतिगृहात सहा मुली आहेत, सगळ्यांचे पंजे हे एवढे. दरवर्षी बोटं सुजवून घेतात. अर्धे पैसे आधी देते."

"सहा?" धाकट्याने बोटांवर मोजून पाहिलं.

दाजी एका क्षणात दुःख विसरून पुढे झाले. "सात घ्या ना बाई. एक हाताशी असलेला बरा."

बाईंनी सात सांगितले. त्यांचं बघून आणखी एका प्रशिक्षकाने धाकट्याचा फोन नंबर घेतला. परतीच्या वाटेवर टेम्पोत सोफा नव्हता, सगळे पत्र्यावरच बसले होते. धाकटा हिशोब न करता नुसता विचार करत होता. मग म्हणाला, "ताई, मी नुसता गोल करू शकतो. बोटांवर बसतो की नाही, सुटताना घसरतो की नाही, ते मला कसं कळणार? प्रत्येक गोळा हातात घेऊन, फेकून कुणीतरी सांगायला हवं. फुकट नको. त्यातला तुझा वाटा तुझा."

"आणि चार महिन्यांनी कुणी मागितलेच नाहीत तर?" ताईने लगेच विचारलं. काळजी करायला तिला वेळ लागत नाही.

"तर तेव्हा रडू," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता माझा गुडघा सरळ करू दे."

सोमवारी ताई मुकादमासमोर उभी राहिली. मी टेबलाखालून ऐकत होतो. "साहेब, खुर्ची नको. मला अर्धा दिवस द्या. इस्त्रीच द्या."

"डोकं ठिकाणावर आहे का? खुर्ची नाही म्हणतेस?"

"सकाळ हवी आहे मला, साहेब."

मुकादमाने कपाळाला हात लावला. "अर्धा दिवस म्हणजे डाव्या हाताचा की उजव्या?" पण त्याने कबूल केलं. डाव्या हातानेसुद्धा ती बाकीच्यांपेक्षा जास्त चादरी काढायची, ते काय त्याला दिसत नव्हतं?

राजवाडा बांधला असं समजू नका. धाकट्याच्या वर्कशॉपचा मालक आता मशीनचं भाडं घेतो. पितळ महागलं आहे. कधी मागणी येते, कधी येत नाही, आणि नाही आली की ताई रात्री कूस बदलत राहते. मानधनही नाहीच. पण भात शिजतो, चिमीचं औषध वेळेवर येतं, आणि ताईच्या सकाळी तिच्याच आहेत.

आजची सकाळ सांगतो, कारण हे सगळं मी आजच सांगायचं ठरवलं. काल दुपारी ताई कामावरून लवकर सुटली, चिमीला घेऊन चक्क झोपली. सकाळी मैदानावर आली ती ताठ चालत. सरांनी शिट्टी वाजवली. तिने मला उचललं, मानेशी धरलं, फिरली आणि सोडलं.

मी किती वेळ हवेत होतो ते मला सांगता येणार नाही. पडलो तेव्हा अंगाला काहीतरी मऊ लागलं. गवत. माझ्या पडण्याची जागा म्हणजे नेहमीची तुडवलेली, खळग्यांची, लाल मातीची. इथे मात्र गवत उभं आहे, दवाने ओलं. इथे आजवर काहीच येऊन पडलेलं नाही.

तिकडून सर टेप घेऊन निघालेत, चालता चालता पळायला लागलेत. ताई वर्तुळात तशीच उभी आहे, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. येऊ द्या त्यांना सावकाश. मला इतक्यात कुणी उचलू नका.